‘ऑफिसचं सगळं बघतो’ हे रेझ्युमेत कसं लिहायचं?

तुम्ही विचारलंय ते आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. वय २७, बी.कॉम., सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल एक्स्पोर्ट युनिटमध्ये साडेचार वर्षं. पुण्याला जायचंय. सहा महिन्यांत साठ-सत्तर ठिकाणी रेझ्युमे टाकला, फोन आले दोन. आता एक जण ३,५०० रुपयांत ‘एकदम प्रोफेशनल’ रेझ्युमे करून देतो म्हणतोय, तर द्यावेत का? आणि जाता जाता एक बारीक प्रश्न: मालकांना कळलं तर?

पैशांचं आधी सांगून टाकतो. देऊ नका, निदान आत्ता तरी नको. तुम्ही नाव झाकून जोडलेला रेझ्युमे मी दोनदा वाचला. दिसायला तो वाईट नाहीच. डावीकडे निळा पट्टा, गोलात फोटो, एक्सेलला पाचपैकी चार चांदण्या, टॅलीला साडेचार. साडेचार वर्षांच्या नोकरीला मात्र दोनच ओळी: ‘ऑफिस वर्क, डिस्पॅच अँड अकाउंट्स रिलेटेड वर्क’ आणि ‘ऑल अदर वर्क ॲज गिव्हन बाय सीनिअर’. साडेतीन हजार घेणारा तो निळा पट्टा राखाडी करून देईल. त्या दोन ओळींचं तो काय करणार? तुम्ही दिवसभर काय करता हे त्याला कुठे माहितीय!

मी सतरा वर्षं भरतीच्या कामात आहे. पहिली नऊ पुण्यात गेली, चाकण-रांजणगावच्या कारखान्यांना माणसं शोधून देण्यात. आता सोलापुरात बसूनच तेच काम करतो. आपल्याकडच्या मुलांचे रेझ्युमे अडतात ते इंग्रजीवर कमी आणि या गोष्टीवर जास्त: आपल्या युनिटांत कामाला नाव नसतं. मोठ्या कंपनीत एक जण कागदपत्रं बघतो, दुसरा ट्रान्सपोर्ट, तिसरा बिलं. इथे तोच माणूस सकाळी माल वाहतुकीचं ई-वे बिल काढतो, दुपारी बँकेत जातो, संध्याकाळी कंटेनर भरताना कार्टन मोजतो आणि मधल्या वेळात जॉबर आणि फोल्डिंगच्या बायकांचं भांडणही मिटवतो. कुणी विचारलं तर म्हणतो, ‘ऑफिसचं सगळं बघतो.’ बोलताना ते शोभतं, त्यात थोडा अभिमानही असतो. पण रेझ्युमे वाचणाऱ्याला या ‘सगळं’मधून काही म्हणजे काही हाती लागत नाही.

कसं ते सांगतो. मी जॉब पोर्टल उघडतो तेव्हा माझ्यासमोर रेझ्युमे नसतात, शोधायची एक रिकामी चौकट असते. समजा एका कंपनीला एक्स्पोर्टचे कागद करणारा माणूस हवाय. मी टाकतो: एक्स्पोर्ट डॉक्युमेंटेशन, शिपिंग बिल (निर्यातीसाठी कस्टम्सकडे भरायचा कागद), टेक्स्टाइल. अनुभव तीन ते सहा वर्षं. ठिकाण पुणे, किंवा पुण्याला यायला तयार. नोटीस पिरियड महिन्याच्या आत. यादी येते. वरची वीस-पंचवीस नावं बघतो, पाच-सहा जणांना फोन लावतो, दिवस संपतो. तुमच्याकडे यातलं सगळं आहे, तरी तुम्ही त्या यादीत नाही, कारण ‘शिपिंग बिल’ हे दोन शब्द तुमच्या रेझ्युमेत कुठेच नाहीत.

यूट्यूबवर ‘एटीएस नावाचं मशीन तुमचा रेझ्युमे फेकून देतं’ असं रंगवून सांगतात आणि त्याच भीतीवर ही पॅकेजं विकली जातात. अर्जाच्या फॉर्ममध्ये ‘पदवी आहे का’, ‘शिफ्ट चालेल का’ असे प्रश्न टाकून काही कंपन्या गाळणी लावतात, हे खरं. एरवी मात्र एटीएस, म्हणजे आलेले अर्ज साठवणारं सॉफ्टवेअर, हे फायलींचं एक मोठं कपाट. तुमची फाइल आत असते, पण तिच्यावरचा मजकूर नीट वाचता येत नसेल तर हाक मारल्यावर ती बाहेर येत नाही.

हे घरच्या घरी तपासता येतं. पीडीएफ उघडा, सगळा मजकूर सिलेक्ट करून कॉपी करा आणि नोटपॅडमध्ये पेस्ट करा. तुमच्या फाइलवर मी हेच करून पाहिलं. पट्ट्यातला मजकूर आणि मधला मजकूर एकमेकांत घुसला. कंपनीचं नाव ‘हॉबीज: क्रिकेट’च्या खाली जाऊन बसलं. चांदण्या तर आल्याच नाहीत, म्हणजे एक्सेल तुम्हाला किती येतं हा मुद्दाच संपला. (चांदण्या आल्या असत्या तरी त्यांचा अर्थ काय? पाचपैकी चार एक्सेल म्हणजे व्हीलुकअप येतं की पिव्होट येतं? ते शब्दच लिहा.) तेव्हा एकच रकाना, साधा फाँट, अक्षर दहा-अकरा पॉइंटचं, फोटो काढून टाका. वर्डमध्ये तासाभरात होतं. फोन आणि ईमेल पानाच्या हेडरमध्ये न घालता नावाखाली साध्या ओळीत ठेवा, कारण काही सॉफ्टवेअर हेडरमधलं वाचतच नाहीत.

आता खरं काम. तुमच्या प्रश्नात एक वाक्य सहज येऊन गेलंय: ‘महिन्याला चार-पाच कंटेनर जातात, कागद मीच करतो.’ अहो, हे वाक्य प्रश्नात आहे आणि रेझ्युमेत नाही! माझ्यासमोर तुम्ही बसला असतात तर मी म्हटलं असतं, शेवटचा कंटेनर डोळ्यांसमोर आणा आणि पहिल्यापासून सांगा. बायरची ऑर्डर आली. पॅकिंग झाल्यावर प्रत्येक कार्टनमधले नग, वजन आणि माप कुणी उतरवून घेतलं? तुम्ही. पॅकिंग लिस्ट आणि इन्व्हॉइस कुणी केलं? तुम्ही. ते मुंबईच्या सीएचएला (कस्टम्सचं काम बघणाऱ्या एजंटला) मेल केलं, त्यानं चेकलिस्ट पाठवली, ती तपासून ‘ओके’ कुणी कळवलं? तुम्हीच असणार. मग शिपिंग बिल भरलं गेलं, ई-वे बिल निघालं, गाडी न्हावा शेव्याला गेली, बिल ऑफ लेडिंगचा (जहाज कंपनीच्या माल मिळाल्याच्या पावतीचा) मसुदा आला, त्यात कन्साइनीचं, म्हणजे माल घेणाऱ्याचं, नाव बघून दुरुस्त करून घेतलं, आणि सगळा संच बँकेत दिला. यातल्या प्रत्येक पायरीला पुण्यातल्या कंपनीत एक नाव आहे, आणि रिक्रूटर त्याच नावानं माणूस शोधतोय.

म्हणून ‘डिस्पॅच रिलेटेड वर्क’ खोडा आणि त्या जागी, साध्या इंग्रजीत, असं काहीतरी येऊ द्या: ‘महिन्याला ४ ते ५ एक्स्पोर्ट कंटेनरची कागदपत्रं तयार केली: इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन. सीएचएकडून आलेली शिपिंग बिलाची चेकलिस्ट आणि बिल ऑफ लेडिंगचा मसुदा तपासला. माल: कॉटन टेरी टॉवेल, एचएस कोड ६३०२६०. बंदर: न्हावा शेवा.’ एवढंच. यात ‘डायनॅमिक’ नाही, ‘हार्डवर्किंग’ नाही. पण ६३०२६० हा मालाच्या वर्गवारीचा आकडा दिसला की एक्स्पोर्टमधला कुणीही ओळखतो की या माणसानं ते कागद स्वतःच्या हातानं भरलेत. चार-पाच कंटेनर म्हटलं की कामाचा आवाका कळतो. खाली कितीही सुंदर विशेषणं लावली तरी या दोन तपशिलांइतका भरवसा त्यांनी यायचा नाही.

अकाउंट्सचंही असंच करा, पण जिथे तुमचा हात होता तेवढंच लिहा. जीएसटी रिटर्न सीए भरत असतील आणि तुम्ही जीएसटीआर-१चा (विक्रीच्या रिटर्नचा) डेटा टॅलीतून काढून देत असाल, तर तेच लिहा. ‘जीएसटी रिटर्न फायलिंग’ लिहिलंत की मुलाखतीत पहिलाच प्रश्न येतो, ‘थ्री-बीमध्ये आयटीसी (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) कसा जुळवता?’ आणि मग पुढची वीस मिनिटं सगळीच वाया जातात. टक्केवारीचंही तसंच. हल्ली सगळे लिहितात, ‘कार्यक्षमता ३० टक्क्यांनी वाढवली’. समोरचा विचारतो, कशाच्या तीस टक्के? मोजलं कुणी? त्यापेक्षा खरी घडलेली गोष्ट लिहा. माझ्याकडे आलेल्या एका मुलीनं लिहिलं होतं की चेकलिस्टमध्ये निव्वळ वजन आणि एकूण वजन उलटं पडलेलं तिनं शिपिंग बिल भरण्याआधी पकडलं. टक्का नाही, काही नाही, पण त्या एका ओळीवर मुलाखत घेणारे दहा मिनिटं बोलत होते. तुमच्याकडेही असं एखादं असणारच. कंटेनर अडकला होता आणि तुम्ही सोडवलात, असं काहीतरी आठवा.

इथपर्यंतचं एका दमात: एक रकाना, नोटपॅडमध्ये तपासणी, शेवटच्या कंटेनरची गोष्ट पायरीपायरीनं, आणि हात लागला तेवढंच. आता काय काढायचं ते.

आपण ‘बायोडाटा’ हा एकच शब्द लग्नालाही वापरतो आणि नोकरीलाही, त्याचा हा परिणाम असावा. तुमच्या रेझ्युमेत वडिलांचं नाव आहे, वैवाहिक स्थिती आहे, रक्तगट आहे. रास आणि गोत्र तेवढं राहिलंय. हे सगळं काढा. आधार नंबर तर आजच्या आज काढा. साठ-सत्तर अनोळखी लोकांच्या मेलमध्ये तो जाऊन पडलाय. वरचं ‘करिअर ऑब्जेक्टिव्ह’ही काढा, कारण ते वाक्य तुमच्या आधी लाखो लोकांनी लिहिलंय. खालचं ‘आय हिअरबाय डिक्लेअर’ आणि सहीची जागाही नको. जी जागा सुटेल तिथे नावाखाली दोन-तीन ओळी घाला: साडेचार वर्षं टेरी टॉवेल एक्स्पोर्टमध्ये, कागदपत्रं आणि टॅली, पुण्याला यायला तयार, ३० दिवसांत रुजू होऊ शकतो. रिक्रूटरची नजर आधी तिथेच जाते.

मात्र हे पुण्यातल्या खासगी कंपनीसाठी. उद्या तुम्ही इथल्याच एखाद्या सहकारी बँकेत किंवा शिक्षणसंस्थेत अर्ज केलात तर जाहिरातीत मागतील ते सगळं द्यावं लागतं: जन्मतारीख, प्रवर्ग, फोटो, सही. तिथे त्यांचा नमुना हाच कायदा, माझे नियम गुंडाळून ठेवा. सायबर कॅफेत मराठी अर्ज टाइप करून घेणार असाल तर फक्त युनिकोडमध्ये करायला सांगा. जुन्या फाँटमधली वर्डची फाइल समोरच्याच्या मोबाइलवर उघडली की नुसती चित्रलिपी दिसते. आणि सोलापुरातल्याच युनिटमध्ये जायचं असेल तर रेझ्युमेपेक्षा कुणाच्या ओळखीनं आलात हेच बघतात, उगाच खोटं कशाला सांगू.

एक गोष्ट मात्र तुम्ही लिहायलाच हवी होती. प्रश्नात म्हणता, घरी तेलुगू, बाहेर मराठी, कामावर हिंदी आणि शेजारी सगळे कन्नड. आपल्याला यात काही विशेष वाटत नाही, कारण सोलापूरच्या पूर्वभागात शेंबडं पोरही तीन भाषांत भांडतं. पण हैदराबाद-बंगळूरुचे डीलर सांभाळणाऱ्या कंपनीला असा माणूस पुण्यात सहज मिळत नाही. कुठली भाषा बोलता येते, कुठली लिहिता-वाचता येते, ते एका ओळीत लिहून टाका.

पत्ता सोलापूरच ठेवा. काही जण पुण्यातल्या मावशीचा पत्ता देतात आणि मग ‘उद्या अकराला या’ असा फोन आला की धावपळ होते. खरं सांगितलंत तर बहुतेक ठिकाणी पहिली फेरी व्हिडिओवर घेतात. प्रत्यक्ष बोलावलं तर सकाळची हुतात्मा एक्स्प्रेस आहे, २०२३ पासून वंदे भारतही आहे. अकराची वेळ गाठता येते. नाशिक फाट्याच्या पलीकडे जायचं असेल तर बाराची मागून घ्या.

आता ज्या विषयावर कुणी बोलत नाही तो. तुम्ही लिहिलंय की पगार १६ हजार बँकेत आणि ६ हजार रोख, आणि पीएफ रुजू झाल्यावर दीड वर्षानं सुरू झाला. हे तुमचं एकट्याचं नाही, या गावात असे शेकडो आहेत. वीस किंवा जास्त माणसं असली की आस्थापनेला पीएफ लागू होतो, पण नाव कधी चढतं हे तुम्हालाही ठाऊक आहे आणि मलाही. अडचण पुढे येते. पुण्यातली कंपनी तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा मागते, आणि बऱ्याच ठिकाणी यूएएनवरून (पीएफच्या कायमच्या नंबरवरून) पीएफची सर्व्हिस हिस्ट्री पाहून तारखा जुळवतात. रेझ्युमेत साडेचार वर्षं आणि पीएफमध्ये तीन! संशय तिथे सुरू होतो.

यावर उपाय म्हणून तारीख पुढे ढकलू नका. खरी तारीख लिहा आणि तिचा पुरावा जवळ ठेवा: नेमणुकीचं पत्र असेल तर ते, नसेल तर पहिल्या महिन्यापासून पगार जमा झाल्याचं बँकेचं स्टेटमेंट. रेझ्युमेत पगाराचा आकडा घालूच नका. फोनवर विचारलं तर सरळ सांगा, ‘खात्यात १६, रोख ६, रोखीचा कागद नाही.’ बरेच एचआर कागदावरचाच पगार धरतात. त्यामुळे ‘आत्ताच्या पगारावर अमुक टक्के वाढ’ अशी मागणी करू नका. पुण्यात त्याच कामाला काय मिळतं ते तीन-चार जाहिराती बघून ठरवा आणि तो आकडा सांगा. आणि कुणी २२ हजारांच्या छापील स्लिपा काढून देतो म्हणाला तर त्याच्या दुकानाची पायरी चढू नका. माझ्या हातून गेलेल्या एका मुलानं हेच केलं. इथला राजीनामा दिला, सामान बांधलं, आणि रुजू व्हायच्या चार दिवस आधी पडताळणीत स्लिप आणि स्टेटमेंट जुळेना. ऑफर गेली, जुनी जागाही भरली गेली होती. मी त्याला आधी विचारायला हवं होतं, हे आजही वाटतं. तेव्हापासून मी पहिल्याच फोनला रोखीचं विचारतो.

फोनवरून आठवलं. २००३ साली माझ्या स्वतःच्या रेझ्युमेत शेजारच्या काकूंचा नंबर होता, पुढे ‘पी.पी.’ लिहिलेला. पुण्याहून फोन आला, काकूंनी सांगितलं, ‘तो गड्ड्याच्या जत्रेला गेलाय, रात्री येईल.’ मला ते कळलं तिसऱ्या दिवशी. आज प्रत्येकाच्या खिशात फोन आहे तरी तेच होतं: अनोळखी नंबर म्हणून उचलत नाहीत. दोन फोन आले म्हणता, कदाचित पाच आले असतील. रिक्रूटर एकदा लावतो, फार तर दोनदा. लूमच्या आवाजात ऐकू येत नसेल तर ‘संध्याकाळी सहानंतर बोलू शकतो’ असं वरच्या ओळीत लिहायला हरकत नाही. मिस्ड कॉल दिसला तर त्याच दिवशी उलटा फोन करा.

इंग्रजीची भीती बाळगू नका. वाक्यं छोटी ठेवा, प्रत्येक ओळ कामाच्या क्रियापदानं सुरू करा: प्रिपेअर्ड, चेक्ड, रिकन्साइल्ड. मसुदा तयार झाला की इंग्रजी बरं असलेल्या एखाद्या ओळखीच्या शिक्षकांकडून व्याकरण तपासून घ्या. पैसे द्यायचेच असतील तर त्यांना द्या, दोन-तीनशे रुपये. एक पान पुरे, दीड झालं तरी चालेल. फाइलला ‘न्यू रेझ्युमे फायनल टू’ असं नाव नको, तुमचं नाव आणि ‘एक्स्पोर्ट डॉक्युमेंटेशन’ एवढं ठेवा. आणि साठ-सत्तर ठिकाणी एकच फाइल टाकायचं थांबवा. जाहिरात अकाउंट्सची असेल तर टॅलीच्या ओळी वर घ्या, एक्स्पोर्टची असेल तर कंटेनर वर. दहा मिनिटांचं काम आहे.

राहिले मालक. पोर्टलवर आपल्या कंपनीला प्रोफाइल दिसू नये अशी सोय असते, ती आधी चालू करा. पण एमआयडीसीत भिंतींना कान आहेत, त्यामुळे रेझ्युमेत संदर्भ म्हणून कुणाचं नाव घालू नका आणि ऑफिसच्या कॉम्प्युटरवर ही फाइल उघडू नका. तरी कळलंच आणि शेठनी विचारलं, तर नाकारू नका. ‘बघतोय, पण हाती घेतलेली शिपमेंट टाकून जाणार नाही,’ म्हणा. पुढच्या माणसाला कागद शिकवून महिन्याभरात निघता येईल असं बघा. अनुभवाचं पत्र त्यांच्याच लेटरहेडवर मिळणार आहे, आणि पडताळणीचा फोनही त्यांच्याच टेबलावर वाजणार आहे.